एक कागद कमी

घुंगरू, पितळी, नग बारा. कार्य : अज्ञात.

*

"चित्रू, ह्यात तुझं नाव कुठं हाय गं? चष्मा घरी राहिला माझा."

मी बोट ठेवून दाखवलं.

*

आप्पांच्या आत्याला जुळं झालं होतं. त्यातलं एक अजून तासगावात आहे.

*

पेंडवाल्यानं आमच्या शेडचं दार फीत लावून मोजलं आणि म्हणाला, "ट्रक आरामात आत येतोय."

*

प्रश्न १९. आपली उत्पादन प्रक्रिया एखाद्या विशिष्ट व्यक्तीवर अवलंबून आहे काय? होय किंवा नाही, लागू नसेल ते खोडावे.

*

"बाकी समदं झ्याक हाय साहेब," दस्तगीरचाचा म्हणाले, "पर एक कागद कमी हाय."

*

हे शेवटचं वाक्य चाचांनी उच्चारलं तेव्हा सकाळचे सव्वाअकरा वाजले होते, आणि तोपर्यंत सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं. वाक्य ऐकल्यावर समितीचे बारटक्केसाहेब हातातला रसाचा पेला तसाच धरून थांबले. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, डोळे मिटले. मी चाचांकडे अशा नजरेनं पाहिलं की दुसरा माणूस असता तर जागीच गप्प झाला असता. चाचा हातातलं चिपाड पिळत उभे होते.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. कुपवाडच्या एमआयडीसीत आमचा तांबट इंजिनिअरिंग वर्क्स आहे. आम्ही उसाचे चरक करतो, रसवंतीतले. तीन रोलर, एक चाक, चाकाला घुंगरू. दस्तगीर मुजावर आमचे फिटर. माझा जन्म झाला त्याच्या आधीपासून आमच्याकडे होते. मी डिझाइनचं शिक्षण घेऊन घरी आले होते आणि घरी बसले होते, कारण मधल्या काळात माझं लग्न ठरलं आणि आठ दिवस आधी मोडलं. का मोडलं ते या गोष्टीत कुठंच कामाला येत नाही, म्हणून सांगत नाही.

त्या वर्षी आमचे चरक खपेनात. बाजारात बाहेरचे गुळगुळीत, पांढरे, बटणावर चालणारे चरक आले होते. आप्पा एकदा असला एक बघून आले आणि म्हणाले, "दार उघडून बघितलं मी. वाटलं आत दूध असेल." दिवाळीनंतर शेड पेंडीच्या गोदामाला भाड्यानं द्यायची, असं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. पेंडवाला येऊन दार मोजून गेला तो तेव्हाच.

तेवढ्यात उद्योजक संघाचं पत्रक आलं. लहान कारखान्यांना बाहेरच्या स्पर्धेत टिकता यावं, म्हणून उद्याची कोणती यंत्रं आपल्या कामाची आणि कोणती नुसतीच दिखाऊ, हे पारखायला एक समिती नेमली होती. समिती कारखान्यात येणार, काम बघणार, गुण देणार. ज्याला जास्त गुण त्याच्याकडे वस्तू मोजून संगणकात घालणारं आणि संगणकातली वस्तू छापून देणारं असं जोडयंत्र वर्षभर राहणार. शिवाय डिझाइनवर प्रमाणित असा शिक्का. पुण्याची एक रसाची कंपनी साठ चरक घ्यायला तयार होती, पण शिक्क्याशिवाय नाही.

मी आप्पांच्या मागे लागले. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "बरं. समितीनं पास केलं तर शेड तुझी. नाही केलं तर पेंडीची."

*

प्रश्न ७. आपल्या उत्पादनाचे डिजिटल जुळे अस्तित्वात आहे काय?

"कसलं जुळं?" आप्पांनी विचारलं.

"म्हणजे चरकाचं संगणकातलं रूप, आप्पा. हुबेहूब. याला इकडे जे होईल ते त्याला तिकडे."

"आत्याचं जुळं तसंच होतं. खोकला एकाला, औषध दोघांना."

"तसंच समजा."

"मग लिही आहे म्हणून. कोण बघायला येतंय?"

"समिती येतेय, आप्पा. बघायलाच येतेय."

आप्पांनी अर्ज माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "मग जन्माला घाल."

मी कॉलेजातल्या मैत्रिणीकडून आठवडाभरासाठी हातातला स्कॅनर उसना आणला आणि आमचा सात नंबरचा चरक खोलला. सात नंबर म्हणजे आमचा नमुना. चाचांच्या मते असा चरक पुन्हा झाला नाही. त्यातून निघालेलं चिपाड पेटवलं तर आगपेटीच्या काडीसारखं पेटायचं.

सगळे भाग सुटे केले, रॉकेलनं धुतले, एकेक करून स्कॅन केले. बेअरिंगचे ब्लॉक जिथं बसतात तिथं खाली काळा, तेलकट, कुजका थर चिकटला होता. तो मी पट्टीनं खरवडून काढला.

चाचा मागे येऊन उभे होते. "ते कशाला काढतीस?"

"घाण आहे चाचा."

"घाण," चाचा म्हणाले. नवीन हत्यार हातात धरून वजन बघावं तसा त्यांनी तो शब्द उच्चारला आणि तिथंच घोटाळत राहिले. त्यांना काहीतरी सांगायचं होतं हे मला कळलं. मला वाटलं, चहा सांगायचा असेल. मी चहा सांगितला.

भागांची यादी झाली. त्रेचाळीस भाग, प्रत्येकापुढे त्याचं कार्य. बेचाळीस ओळी भरल्या. घुंगरांपाशी अडले. रस काढण्यात घुंगरांचा काहीच वाटा नव्हता, ते धूळ धरत होते आणि अर्जातल्या अकराव्या प्रश्नात टाळता येण्याजोग्या आवाजाबद्दल विचारलं होतं. मी लिहिलं, कार्य : अज्ञात. आणि या मापांवरून जो नवा चरक बांधायचा होता त्यातून ते काढून टाकले.

आता प्रश्न एकोणीस. उत्पादन एखाद्या विशिष्ट व्यक्तीवर अवलंबून आहे काय? या एका प्रश्नाला दहा गुण होते आणि ते कोणत्या उत्तराला मिळतात हे उघड होतं. मी होय खोडलं. खाली कामगार प्रतिनिधीची सही हवी होती. आमच्याकडे प्रतिनिधित्व करण्याजोगे कामगार तीन, आणि त्यातले दोघं त्या दिवशी जेजुरीला गेले होते.

"काय लिवलंय ह्यात?" चाचांनी विचारलं.

"नेहमीचंच."

"चष्मा घरी राहिलाय. वाच की जरा."

"बत्तीस प्रश्न आहेत चाचा. वाचत बसले तर इथंच मुक्काम पडेल."

चाचांनी सही केली. त्यांची सही बघण्यासारखी असायची. जीभ दातांत धरून, एकेक रेघ कानशीनं घासून काढल्यासारखी, शेवटी मान तिरकी करून ओळंब्यात आली का ते बघायचं.

"बरोबर जागी झाली ना?"

"एकदम," मी म्हटलं.

*

समितीत दोघं होते. बारटक्केसाहेब कागदपत्रं बघणार आणि डॉक्टर रणसुभेबाई तंत्रज्ञान. बारटक्के उंच, वाकलेले, काखेत फाइल. रणसुभेबाई बुटक्या, पायांत बूट, आणि आल्या आल्या त्यांनी पर्स खुंटीला अडकवून बाह्या वर केल्या.

आप्पांनी दोघांपुढे रसाचे पेले धरले.

"नको. मला साखर आहे," बारटक्के म्हणाले.

"उसाला बी हाय साहेब," चाचा म्हणाले. "घ्या अर्धा."

साहेबांनी घेतला.

मी संगणकावर चरकाचं जुळं फिरवून दाखवलं. वरून, खालून, आतून. मग बटण दाबून खरा चरक चालू केला. नवा, मोजून केलेला, माझा. आवाज नाही. ऊस गेला, रस आला. रणसुभेबाईंनी कागदावर खुणा केल्या. मला उलट्या दिशेनंही दिसत होतं, खुणा चांगल्या होत्या. आप्पा भिंतीला टेकून शेडकडे असं बघत होते, जणू भाडेकरू उठून गेलाय.

आणि चाचांनी खालचं चिपाड उचललं. दोन्ही हातांनी पिळलं. एक थेंब आला, त्यांच्या मनगटावर थांबला आणि मग खाली पडला. तेव्हा ते म्हणाले, एक कागद कमी आहे.

बारटक्क्यांनी पेला खाली ठेवला आणि फाइल उघडली. इतका वेळ ते समितीतला तंत्रज्ञानाबाहेरचा माणूस म्हणून कडेला उभे होते. आता त्यांचा विषय निघाला होता.

"कोणता कागद?"

"एकच. ज्यास्त नगं."

"तेवीस जोडपत्रं आहेत. मी स्वतः मोजली आहेत. वीजबिल, जागेचा उतारा, अग्निशमन, प्रदूषण मंडळाचं संमतिपत्र..."

"त्यातला न्हवं साहेब. जरा जाडसर लागतोय."

"जाडसर? मुद्रांक म्हणताय का?"

चाचांनी प्रामाणिकपणे विचार केला. "मुद्रांक चाललं. पर म्हागात पडतंय. पोस्टकार्ड बी चालतं, पर बारीक पडतं. मग दोन घालाय लागत्यात."

"दोन प्रतींत," बारटक्क्यांनी लिहून घेतलं.

"व्हय. एकावर एक."

"चाचा," मी दात आवळून म्हटलं, "आपण नंतर बोलू."

"नंतर कशाला? साहेब इच्यारत्यात न्हवं का?" चाचा साहेबांकडे वळले. त्यांच्या कामाबद्दल इतक्या आस्थेनं आजवर कुणी विचारलं नव्हतं. "सगळ्यात बरी म्हंजे पत्रिका."

"कोणती पत्रिका? माहितीपत्रिका?"

"जन्मपत्रिका म्हणत असेल," आप्पा घाईनं मध्ये पडले. "साहेब, यंत्राची पूजाबिजा आम्ही सगळी रीतसर करतो. दसऱ्याला नारळ फोडलाय."

"लग्नाची हो," चाचा म्हणाले.

बारटक्क्यांनी टोपण काढलेलं पेन तसंच हवेत धरलं. "लग्नाची पत्रिका जोडावी, असं कोणत्या परिपत्रकात आहे?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. आपल्या नजरेतून एखादं परिपत्रक सुटलं असेल अशी.

"मला काय ठावं? मी आपला घालतोय."

"तुम्ही घालता? कुठल्या अर्जाला?"

"अर्जाला न्हाई. चरकाला."

इतका वेळ न बोललेल्या रणसुभेबाई पुढे आल्या. त्यांनी चाचांच्या हातातून चिपाड घेतलं, स्वतः पिळलं, पडलेला थेंब पाहिला आणि त्या सकाळचा पहिला सरळ प्रश्न विचारला.

"चाचा, कागद नक्की कुठं घालायचा?"

"ब्लॉकच्या खाली. मेणात बुडवून. खालचा रोलर कागदभर उचलला की चिपाड सुकं."

मला एकदम ती पट्टी आठवली. आणि खरवडलेला तो काळा थर.

"दाखवता?" बाई म्हणाल्या.

*

सात नंबरमध्ये दाखवायला आता काही उरलं नव्हतं. कोपऱ्यात कवठेमहांकाळहून चाकाचा दात तुटला म्हणून दुरुस्तीला आलेला एक चरक पडला होता, दोन वर्षांपूर्वीचा. चाचांनी पान्यानं चार बोल्ट सैल केले, ब्लॉक उचलला आणि त्याखालून मेणचट, पिवळी पडलेली एक जाड चिठ्ठी अलगद सोडवून बाईंच्या हातावर ठेवली.

बाईंनी ती रुमालानं पुसली. सोनेरी शाईची अक्षरं वर आली. त्या मोठ्यानं वाचू लागल्या, "श्री गजानन प्रसन्न. आमची कन्या चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी चित्रलेखा..."

त्या थांबल्या. "पुढचं नाही. इथं कापलंय."

मग त्यांनी माझ्या अर्जावरचं नाव पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग बारटक्क्यांनी पाहिलं. शेडमध्ये तेव्हा खरोखर कसलाही आवाज नव्हता. घुंगरू मीच काढून टाकले होते.

"दस्तगीर!" आप्पा ओरडले. "हे बंडल मी जाळायला दिलं होतं!"

"चांगला कागद मालक. जाळायला जीव हुईना."

"किती चरकांत घातलंय?" मी विचारलं.

"तवापासनं गेलं त्या सगळ्यांत. जतला, विट्याला, आटपाडीला, एक तर पार बेळगावला गेलाय."

म्हणजे जिथं कुणी मला ओळखत नव्हतं अशा दोन-तीन जिल्ह्यांतल्या रसवंत्यांमध्ये, आलं-लिंबू घातलेल्या रसाच्या बरोबर खाली, मी सौभाग्यकांक्षिणी होऊन दोन उन्हाळे बसले होते.

"पण अर्धीच का?" बाईंनी विचारलं. त्या बिचाऱ्या फक्त मापाचा विचार करत होत्या.

"ब्लॉकला अर्धीच लागती. चित्रूनं बोट ठिवून दावलं हुतं, तितनं खाली कापायची."

"आणि खालचा अर्धा भाग? त्यावर काय असतं?"

"नवऱ्या मुलाचं नाव."

"त्याचं काय करता?"

"हात पुसतो," चाचा म्हणाले.

आधी आप्पा हसले. लग्न मोडल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, आणि सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही की हा हसण्याचा आवाज आहे. बारटक्क्यांनी तर पाणी आणायला सांगितलं. मग बाई हसल्या. मग मी हसले आणि मध्येच नाक ओढावं लागलं, तर चाचांनी खिशातून काढून एक कागद माझ्यापुढे केला. ग्रीसनं माखलेला. त्यावर 'चि. परा' एवढं दिसत होतं. तेवढ्यात भागलं.

*

माप घेतलं. मायक्रोमीटरवर पत्रिकेची जाडी आली शून्य दशांश एकतीस मिलिमीटर. मी संगणकासमोर बसले. त्रेचाळीस भागांखाली चव्वेचाळिसावी ओळ उघडली. भागाचं नाव विचारलं जात होतं. पॅकिंग लिहावं, पट्टी लिहावी, असं दोनदा मनात आलं. मी लिहिलं, पत्रिका.

चाचांनी बंडलातल्या दोन पत्रिका अर्ध्या कापून मेणात बुडवल्या, माझ्या चरकाचे ब्लॉक उचलून खाली घातल्या. मग म्हणाले, "घुंगरू कुठं ठिवलंस?"

"ते कशाला चाचा?"

"रोलरात उसाचा घास नीट बसला का न्हाई ते कळायला नगं? घास ज्यास्त झाला की घुंगरू दमानं वाजतंय. तुला वाटलं, गिऱ्हाईक बोलवायला बांधतोय मी?"

मला तसंही वाटलं नव्हतं. मला काहीच वाटलं नव्हतं. मी अज्ञात लिहिलं होतं.

घुंगरू बांधले. बटण दाबलं. ऊस आत गेला. घुंगरांचा आवाज किंचित ओढला गेला आणि पुन्हा सरळ झाला. चाचांनी मान हलवली. चिपाड बाहेर आलं ते बारटक्क्यांनी स्वतः उचललं, फाइल काखेत धरून दोन्ही हातांनी पिळलं, चष्म्याजवळ नेऊन पाहिलं.

"कोरडं," ते म्हणाले. आणि पुन्हा पिळलं, सरकारी खात्रीसाठी.

बाईंनी अर्ज उघडला. पानं उलटत त्या एकोणीसवर आल्या आणि थांबल्या. नुसतं पेन त्या ओळीवर टेकवून माझ्याकडे बघत राहिल्या. व्यक्तीवर अवलंबून आहे काय? नाही. खाली ती घासून काढलेली सही.

"चुकीचं आहे ते," मी म्हटलं.

"दहा गुण आहेत त्याला," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे."

आप्पांनी भिंत सोडली. दारातून ट्रक आरामात येतो हे त्यांना दिसत असणार. मलाही दिसत होतं. मी अर्ज ओढला, नाही खोडलं, होय पुन्हा लिहिलं.

"खाडाखोड केलेला अर्ज बाद होतो," बारटक्के म्हणाले. लगेच पुढे म्हणाले, "दोघांनी शेजारी सही केली तर होत नाही."

मी सही केली. कागद चाचांपुढे ठेवला.

"आता काय लिवलंय?"

"तुमच्यावाचून चालत नाही, असं."

चाचांनी पेन घेतलं, जीभ दातांत धरली, पहिली रेघ काढली आणि पेन उचललं. "मग आधी काय लिवलं हुतं?"

मी अर्जाची पानं सरळ करत राहिले. आप्पा घुंगरांकडे बघायला लागले. बारटक्क्यांनी फाइलची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

"ग्रीस संपलंय," चाचा शेवटी म्हणाले. "डबा आणून ठिव." आणि बाकीची सही पुरी केली, एकेक रेघ, मान तिरकी करून.

*

निकाल महिन्यानं आला. दहा गुण गेले होते. रणसुभेबाईंनी शेऱ्यात लिहिलं होतं की, पाहिलेल्या कारखान्यांपैकी प्रतिकृतीतली चूक प्रत्यक्ष डोळ्यांसमोर सापडली आणि दुरुस्त झाली असा हा एकच. बाकीच्यांच्या चुका त्यांच्या त्यांच्या संगणकात सुखरूप आहेत. यंत्र आमच्याकडे येणार होतं. खाली बारटक्क्यांचा शेरा वेगळ्या शाईत होता : एक कागद कमी असल्याचे भेटीदरम्यान निदर्शनास आले. सदर कागद पंधरा दिवसांत सादर करण्याच्या अटीवर मंजूर.

मी आप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "लाव मग."

जोडपत्र चोवीस. चि. सौ. कां. चित्रलेखा, अर्धी, मेण लावलेली. पोच आली, शिक्क्यासह.

पेंडवाल्यानं पलीकडची शेड घेतली. तिच्या दारातून ट्रक येत नाही, अजून बाहेरच उभा असतो.

साठ चरक होता होता बंडल संपलं. तोवर यंत्र चांगलं हाताखाली आलं होतं. मी त्यावर शून्य दशांश एकतीस जाडीची नायलॉनची पट्टी छापली. मेण नको, कुजणं नको. ऊन ऊन पट्टी चाचांच्या हातावर ठेवली. त्यांनी दोन बोटांत धरून वाकवली, दाताखाली दाबली, उजेडात धरली.

"माप बराबर हाय," म्हणाले. "पर कोरी हाय."

"मग?"

"कोरी कशी घालायची चरकाला?"

ते बरोबर होतं. मी परत संगणकाशी बसले आणि पट्टीवर उठावाची अक्षरं घातली. दस्तगीर मुजावर. तेव्हापासून आमच्या प्रत्येक चरकात ब्लॉकखाली ती असते. नवीन येणारी मुलं यादीत पत्रिका हा भाग बघतात आणि हसतात, मग माप विचारतात.

नाव घातलेली पहिली पट्टी मी त्यांच्याकडे नेली तेव्हा ते ब्लॉक घासत होते. हात पुसून त्यांनी ती घेतली आणि अक्षरांवरून अंगठा फिरवला, डावीकडून उजवीकडे, परत उजवीकडून डावीकडे.

"काय लिवलंयस गं? चष्मा घरी राहिला."

मी सांगितलं.

"बराबर जागी झालंय ना?" त्यांनी विचारलं.

दस्तगीरचाचांना वाचता येत नव्हतं.